सरासरीबाईंचा एकुलता वाचक

आपलं लिहिलेलं कुणीतरी वाचतं, हे तिला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, एका मंगळवारी, दुपारी सव्वाबाराच्या सुमाराला कळलं, आणि कळल्यावर तिनं सगळ्यात आधी काय केलं, तर केसांवरून हात फिरवला. समोर बघणारं कुणी नव्हतं. होता तो एक लांबलचक तक्ता, त्यात एकेका खेळाडूची एकेक ओळ, आणि त्यातल्या एका ओळीवर तिची पेन्सिल अडकून राहिली होती. सोडतीच्या कचेरीत ती आकडेवारी बघायची. रविवार सोडून रोज दुपारी चारला खालच्या दालनात काचेच्या पिंपातून चार चेंडू निघायचे, चार अंकी आकडा जाहीर व्हायचा, ज्याचा जुळला तो सुखी आणि बाकीचे उद्याच्या वाटेला. हिचं काम उद्याच्या वाटेला लागलेल्यांचं. ते कुठला आकडा घेतात, का घेतात, कुणाची काय पद्धत, आणि त्या पद्धतीनं काही फरक पडतो का. बावीस वर्षांत काडीचाही फरक पडलेला नव्हता. कचेरीत कुणीही काहीही विचारलं, अगदी चहात साखर जास्त का झाली असं जरी विचारलं, तरी ती म्हणायची की सरासरीनं बघितलं तर तेवढीच असते. म्हणून तिचं नाव सरासरीबाई पडलं, आणि आता ते पुसायचं म्हटलं तरी पुसण्यासारखं राहिलं नव्हतं.

गेली सात वर्षं दर तीन महिन्यांनी ती एक पुस्तिका काढायची. ‘खेळाडूंच्या पद्धतींचं मूल्यमापन’ असं तिचं नाव, राखाडी मुखपृष्ठ, चाळीस पानं, चाळीस प्रती. दर अंकात लोकांची एक पद्धत घ्यायची, ती नीट समजावून सांगायची, उदाहरण द्यायचं, मागच्या दहा वर्षांच्या निकालांवर घासून बघायची आणि शेवटी लिहायचं की या पद्धतीचा उपयोग नाही. थकलेले आकडे म्हणजे बरेच दिवसांत न आलेले, ते आता यायलाच हवेत असं मानणारे लोक. तापलेले आकडे म्हणजे वरचेवर येणारे, ते थांबतील कशाला असं म्हणणारे लोक. कालचा आकडा उलटा करून लावणारे, मुलांच्या जन्मतारखा लावणारे, स्वप्नात दिसलेल्या घराचा क्रमांक लावणारे. तिला या सगळ्यांबद्दल मनातून माया होती, पण पुस्तिकेत माया दाखवायला रकाना नव्हता. चाळीस प्रतींतल्या चार प्रती शहरातल्या वाचनालयांना जायच्या, एक साहेबांना, एक गेल्या चार वर्षांपासून ती घरी न्यायची, आणि उरलेल्या कपाटात. एकदा पाण्याच्या यंत्राचा पाय डगमगत होता, तेव्हा शिपायानं त्याखाली तिची अठरावी पुस्तिका दुमडून घातली. तिनं ते पाहिलं आणि तसंच राहू दिलं. उलट पाणी पिताना तिला वाटायचं की अठराव्या अंकाला तेवढा तरी आधार सापडला.

तर त्या मंगळवारी तिच्या ध्यानात आलं ते असं. खेळाडूंना नावं नसतात, पत्ते नसतात, फक्त पत्रिकेचा क्रमांक असतो. दुकानात ती पत्रिका दाखवायची आणि आकडा लावायचा. सत्तर हजार चारशे अठरा क्रमांकाचा एक खेळाडू गेली चार वर्षं रोज एकच आकडा लावत होता, एकही दिवस न चुकवता, आणि त्याची पद्धत दर तीन महिन्यांनी बदलत होती. बदलायचा दिवस म्हणजे पुस्तिका निघाल्यानंतरचा पहिला सोमवार. तिनं थकलेल्या आकड्यांची पद्धत निकामी ठरवली की हा गृहस्थ सोमवारपासून थकलेले आकडे लावायचा. तिनं उलट्या आकड्यांची खिल्ली उडवली की तीन महिने उलटे आकडे. जणू रोगांची यादी वाचून कुणी एकेक रोग अंगाला लावून बघावा. आधी तिला वाटलं, योगायोग. योगायोगाची शक्यता किती, हे काढण्याचा तिला पगार मिळत होता, म्हणून तिनं ती काढली, आणि मग शंका राहिली नाही. शिवाय बाविसावा अंक होता. त्या अंकात एक पद्धत होती, कालच्या निकालातल्या प्रत्येक अंकात तीन मिळवायचे, हातचा सोडून द्यायचा. दोन-आठ-एक-नऊ आला असेल तर पाच-एक-चार-दोन लावायचा. उदाहरण बरोबर छापलं होतं, पण नियमात तिच्याच हातून तीनच्या जागी दोन पडलं होतं. कुणाच्या लक्षात आलं नाही. तिच्याही लक्षात सहा महिन्यांनी आलं. हा खेळाडू मात्र सोमवार, मंगळवार, बुधवार दोन मिळवत होता आणि गुरुवारपासून तीन. म्हणजे त्यानं उदाहरण सोडवून पाहिलं होतं. चूक सापडली होती, आणि त्यानं कुणाला कळवलंही नव्हतं, अगदी सभ्य माणसासारखं.

आणखी एक गोष्ट होती, आणि त्या गोष्टीनं तर ती पार विरघळली. शेवटचे दोन अंक जुळले तर छोटं बक्षीस मिळतं. साडेबाराशे दिवसांत साडेबारा वेळा ते मिळायला हवं. याला तेरा वेळा मिळालं होतं, आणि तेरापैकी एकही त्यानं घेतलं नव्हतं. तिनं डबा उघडला, बंद केला. असा कोण असेल? उंच असावा. चष्मा नक्की. वाचनालयात खिडकीशी बसत असेल आणि तळटीपासुद्धा वाचत असेल. तिच्या आयुष्यात पुरुष आले नव्हते असं नाही. एकदा एक विमा कंपनीतला आला होता, चार रविवार फिरायला नेलं, आणि पाचव्या रविवारी म्हणाला की तुमच्याशी बोलताना आपण नेहमी चुकतोय असं वाटतं. तिनं त्याला सांगितलं होतं की नेहमी नाही, दहातून सहा वेळा. आता हा सत्तर हजार चारशे अठरा मात्र तिच्या दोन ओळींमधलं वाचत होता. संध्याकाळी घरी जाताना तिनं एका दुकानातून निळसर ओढणी घेतली. ती कशासाठी घेतली हे तिनं स्वतःलाही विचारलं नाही. उत्तर काय येईल ते तिला साधारण माहीत होतं.

पत्रिकेवर नाव नसलं तरी तक्त्यात दुकानाचा क्रमांक असतो आणि वेळ असते. वेळ सकाळची दहा वीस, फार तर दहा बावीस. दुकान कुठलं ते तिनं यादीत बघितलं, तर ते तिच्याच गल्लीच्या कोपऱ्यावरचं होतं, वह्या-पेन्सिली विकणाऱ्याचं. म्हणजे तो इतक्या जवळ राहत होता. आपण रोज त्याच्या बाजूनं जात असू, कदाचित एकदा छत्रीही लागली असेल एकमेकांची. गुरुवारी तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली, ओढणी घेतली, आणि दहा वाजल्यापासून समोरच्या औषधांच्या दुकानात उभी राहिली. औषधवाल्यानं काय हवं विचारलं. तिनं खोकल्याचं मागितलं. मग वेळ जाईना म्हणून पोटाचं मागितलं. दहा अठराला एक उंच, चष्मेवाला माणूस वहीवाल्याकडे वळला, तेव्हा तिनं ओढणी सारखी केली. पण त्यानं फक्त खोडरबर घेतलं आणि गेला. दहा वीसला तिथं तिचे वडील आले. तिला आधी त्यांचा रागच आला, की आत्ताच बरे कडमडले, आणि ते आपल्याला बघतील म्हणून ती गोळ्यांच्या फळीआड सरकली. वडिलांनी सदऱ्याच्या खिशातून एक पत्रिका काढली. मग घडी घातलेला एक कागद काढला, तो चष्म्याजवळ धरून चार अंक वाचून दाखवले, वहीवाल्यानं लिहून घेतले, “झालं, मास्तर,” असं तो म्हणाल्याचं इथपर्यंत ऐकू आलं, आणि ते आले तसे हात मागे बांधून निघून गेले. रोज सकाळी वाचनालयात जाऊन येतो असं ते सांगायचे. जातही असतील, तिथून पुढे. औषधवाल्यानं विचारलं, आणखी काही? तिनं ओढणी काढून पिशवीत कोंबली आणि म्हणाली की डोकेदुखीचं द्या, आता खरंच लागेल.

वडील गणिताचे मास्तर. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या मुलांना शक्यता शिकवली, नाणेफेक आणि फासे आणि पिशवीतले लाल-काळे चेंडू, आणि वर्गाबाहेर कुणी पैजेनं काही बोललं तरी त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. ती सोडतीच्या कचेरीत लागली तेव्हा ते दोन दिवस जेवताना बोलले नव्हते, अर्थात एरवीही बोलत नसत. दोघांचं बोलणं आईमार्फत चालायचं. “तिला म्हणावं, दार लावून घे.” “बाबांना विचार, भात वाढू का?” तिघंही एकाच टेबलाशी बसलेली असायची, पण प्रत्येक वाक्य आईवरून फिरून जायचं, टपाल मुख्य कचेरीतून जातं तसं. पाच वर्षांपूर्वी आई गेली आणि टपालखातंच बंद पडलं. पहिले काही महिने दोघांना एकमेकांकडे बघून काय करायचं तेच कळेना. एकदा तर वडील भिंतीकडे बघून म्हणाले होते, “तिला म्हणावं, मीठ दे,” आणि मग बराच वेळ कुणीच जेवलं नव्हतं. त्यानंतर मिठाची बाटली कायम टेबलाच्या मधोमध असायची. ती घरी न्यायची ती पुस्तिका मात्र तिनं कुणाला दिलेली नव्हती. पिशवीतून काढून फडताळात ठेवायची, बस. तिथून ती कधी हलली, कधी परत आली, तिला पत्ता नव्हता. आता तिला पत्ता लागला, आणि साहजिकच आधी लाज वाटली, मग राग आला, आणि मग रात्री जेवताना समोर वडिलांना भात कालवताना बघून हसू फुटलं. ते दाबायला ती पाणी प्यायली तर ठसका लागला. वडिलांनी मिठाची बाटली थोडी बाजूला सरकवली, तिच्या हाताला लागू नये म्हणून.

तिनं सांगायला हवं होतं. नियम साफ होता. कर्मचाऱ्यानं खेळायचं नाही, कर्मचाऱ्याच्या घरात राहणाऱ्यानंही नाही, आणि दर वर्षी ती तशी सही करून देत होती. नोकरी जाऊ शकत होती. पण ती काही बोलली नाही, आणि का बोलली नाही याचं कारण तिला नीट मांडता आलं नसतं. इतकं खरं की त्या दिवसापासून ती रोज सकाळी कचेरीत जाऊन सत्तर हजार चारशे अठराचा कालचा आकडा बघायची, जशी माणसं पत्र आलंय का बघतात. आठ-आठ-दोन-शून्य. म्हणजे बाबा आज पद्धतीला चिकटून आहेत. तीन-एक-शून्य-चार. म्हणजे बेरीज करताना हातचा विसरले, गुडघा दुखत असेल. आणि पुस्तिका लिहिताना तिचा हात बदलला. पूर्वी ती लिहायची की सदर पद्धत निष्फळ आढळली. आता लिहू लागली की वाचकाला इथं शंका येईल, आणि ती रास्त आहे, तेव्हा आपण सावकाश बघू. तळटीपा वाढल्या. एका तळटीपेत तिनं लिहिलं की हे प्रत्यक्ष करून बघताना थंडीत सकाळी बाहेर पडू नये. साहेबांनी सहीसाठी आलेली प्रत चाळली, म्हणजे पहिलं आणि शेवटचं पान पाहिलं, आणि म्हणाले की हल्ली जाड होतीय. सोमवारी वडील नव्या पद्धतीवर गेले. आणि त्या थंडीत ते साडेदहाच्या पुढे, ऊन आल्यावर बाहेर पडू लागले. तक्त्यात तशी वेळ पडत होती. ती तो रकाना कितीतरी वेळ बघत बसायची.

असं सात महिने चाललं, आणि एका बुधवारी खालच्या दालनात सहा-शून्य-आठ-तीन निघाला. साडेचारला तिच्या टेबलावर यादी आली. मोठं बक्षीस एकालाच, पत्रिका सत्तर हजार चारशे अठरा. ती उठली, पुन्हा बसली, आणि मग पिशवी न घेताच घरी निघाली. वाटेत तिला वाटत होतं की बाबांना काही झालं तर नसेल, या वयात आनंद सोसत नाही. दार उघडंच होतं. वडील टेबलाशी बसले होते, समोर आलेखाचा मोठा कागद पसरलेला, साडेचार वर्षांचे ठिपके, आणि चेहरा असा की घरात चोरी झाली असावी.

“बिघडलं सगळं,” ते म्हणाले. भिंतीकडे बघून नव्हे, तिच्याकडे बघून.

ती समोर बसली. त्यांना कळलं की हिला माहीत आहे, आणि हिला कळलं की त्यांना कळलं, आणि त्याबद्दल दोघंही काही बोलली नाहीत, कारण कागद महत्त्वाचा होता. वडिलांनी तो तिच्याकडे फिरवला. चौदा छोटी बक्षिसं, सव्वाचौदा अपेक्षित. इथवर तुझं सगळं बरोबर येत होतं, ते म्हणाले, आणि आज हे. दहा हजारांत एक. वर्षाला तीनशे तेरा सोडती धरल्या तर मला बत्तीस वर्षं लागायला हवी होती. मी चौऱ्याहत्तराव्या वर्षी सुरू केलं, एकशे सहाव्या वर्षी उत्तर आलं असतं. तिनं सांगितलं की बत्तीस वर्षं सरासरीनं, म्हणजे काहींना पहिल्याच दिवशी लागतं आणि काहींना शंभर वर्षांत नाही. ते मला शिकवू नकोस, ते म्हणाले, मी शिकवलंय ते. पण लोकांना काय वाटेल? लोक म्हणतील, तापलेल्या आकड्यांची पद्धत चालते, मास्तरनं सिद्ध केलं. तुझं तिसाव्या अंकातलं सगळं खोटं पडेल.

“बाबा, पण तुम्ही खेळलातच कशाला?” तिनं विचारलं. “माझं बरोबर आहे हे तुम्हाला माहीत होतं.”

“बरोबर आहे हे वाचून कळतं,” वडील म्हणाले. “तू काय करतेस दिवसभर, ते करून बघितल्याशिवाय कसं कळणार?”

मग ते उठले आणि आत गेले, आणि नळ बराच वेळ चालू राहिला. बक्षीस घ्यायचा प्रश्नच नव्हता. पत्रिकेच्या पाठीवर नियम छापलेला होता, मास्तरांनी तो पहिल्याच दिवशी वाचला होता, आणि म्हणून तर चौदाच्या चौदा सोडून दिली होती. खेळणं चूक आहे हेही त्यांना ठाऊक होतं. त्यांचं म्हणणं इतकंच होतं की ही चूक त्यांची आहे आणि तिला कळायला नको होती.

कचेरीत मात्र धांदल उडाली. मोठं बक्षीस न्यायला कुणी येईना. साहेबांनी जाहिरात दिली, छायाचित्रकार बोलावून ठेवला, आणि दाराएवढा पुठ्ठ्याचा धनादेश करून घेतला, नावाची जागा मोकळी सोडून. तो व्हरांड्यात भिंतीला टेकवलेला असायचा आणि जाता-येता लोकांच्या डोक्यावर कलंडायचा. साठ दिवसांची मुदत होती. पंधराव्या दिवशी साहेबांनी तिलाच बोलावलं आणि सांगितलं की आकडेवारी तुमच्याकडे असते, तर हा इसम शोधा. ती बरं म्हणाली. टेबलाशी येऊन बसली आणि दिवसभर इसम या शब्दाकडे बघत राहिली. खोटं बोलायचा तिला सराव नव्हता, आणि खरं बोलायचाही फारसा नव्हता; ती जे काही म्हणायची ते पुस्तिकेत म्हणायची. तेव्हा तिनं पुस्तिकेतच म्हटलं. एकतिसाव्या अंकात, तेविसाव्या पानावर, ‘मूल्यमापनाच्या मर्यादा’ या मथळ्याखाली तिनं लिहिलं की पत्रिका क्रमांक सत्तर हजार चारशे अठरा ही संकलकाच्या वडिलांची असून ते संकलकासोबत एकाच घरात राहतात. हे नियमाविरुद्ध आहे. संकलकाला हे गेले सात महिने माहीत होतं. बक्षीस घेतलेलं नाही आणि घेतलं जाणार नाही. आणि एका खेळाडूच्या एका यशावरून कुठलाही निष्कर्ष काढता येत नाही. साहेबांनी पहिलं आणि शेवटचं पान बघून सही केली. चाळीस प्रती छापून आल्या. तिनं आपल्या टेबलाचे खण आवरले, कुंडीतलं रोप घरी नेलं, आणि वाट बघायला लागली.

पहिला आठवडा ती दार वाजलं की दचकायची. दुसऱ्या आठवड्यात दचकायची थांबली. तिसऱ्या आठवड्यात तिच्या लक्षात आलं की कुणीही काहीही म्हणालेलं नाही. वाचनालयातून नाही, वरच्या कचेरीतून नाही, शेजारच्या टेबलावरून नाही. शिपाई भेटल्यावर हसत होता, साहेब इसम सापडला का असं विचारत होते. तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. एक दिवस वाटलंही. दुसऱ्या दिवसापासून मात्र तिला कुणीतरी तोंडात मारल्यासारखं वाटायला लागलं. जवळजवळ आठ वर्षं आपण लिहितोय की याचा उपयोग नाही, त्याचा उपयोग नाही, तेव्हा कुणी वाचलं नाही हे एक वेळ ठीक. पण आपण गुन्हा छापला. व्यवस्थित मथळा देऊन छापला. माणसानं गुन्हा कबूल करावा आणि लोकांनी पानसुद्धा उलटू नये? त्यापेक्षा नोकरी गेलेली बरी. बाबांनी वाचलं होतं, ते तिला माहीत होतं, कारण त्या सोमवारपासून तक्त्यात सत्तर हजार चारशे अठराच्या ओळीत काहीच पडत नव्हतं. साडेचार वर्षांत पहिल्यांदा ती ओळ कोरी होती, आणि दहा वीस वाजले की तिचं लक्ष उगाच घड्याळाकडे जायचं.

मुदत संपायला चार दिवस राहिले तेव्हा ती पुस्तिका घेऊन साहेबांच्या खोलीत गेली. परवानगी न विचारता समोर बसली, जे तिनं आजवर केलं नव्हतं. साहेब फोनवर होते. तिनं तेविसावं पान काढलं आणि वाचायला सुरुवात केली, मोठ्यानं, मथळ्यापासून. साहेबांनी हातानं थांबा अशी खूण केली. ती थांबली नाही. ‘संकलकाच्या वडिलांची असून’ इथवर आली तेव्हा साहेबांनी फोन ठेवला. परिच्छेद संपला. साहेबांनी पुस्तिका तिच्या हातातून घेतली, ते पान डोळ्यांखालून घातलं, शेवटच्या पानावरची आपली सही पाहिली, पुन्हा तेविसाव्या पानाकडे आले. मग त्यांनी विचारलं की हे वडील रोज लावायचे, ते कशावरून लावायचे? यावरून, ती म्हणाली. साहेबांनी पुस्तिका वर-खाली करून बघितली, जणू त्यातून काही पडेल.

“तुमची सगळी पुस्तकं वाचलीत त्यांनी?”

“एकोणीस. आधीची माझ्याकडे नव्हती घरी.”

साहेबांनी पुस्तिका तिच्यापुढे ठेवली आणि पहिलं पान उघडलं. “इथून वाचा,” ते म्हणाले.

त्या संध्याकाळी ती उशिरा घरी आली. वडील टेबलाशी बसले होते, दोन पानं वाढून, झाकून. त्यांनी बाहेर जायचा सदरा घातलेला होता, कुणीतरी चौकशीला येईल म्हणून. पत्रिका समोर ठेवलेली होती, द्यायच्या तयारीत. तिनं सांगितलं की पत्रिका उद्या जमा करायची आहे, बक्षीस खजिन्यात जाईल, आणि तिला ताकीद मिळाली आहे, लेखी, फाईलमध्ये लागेल.

“आणि नोकरी?”

“आहे. उद्या परत बोलावलंय. अकरा पानं झाली, पुढची उद्या.”

“काय अकरा पानं?”

“साहेबांना वाचून दाखवली.”

वडिलांनी झाकण काढलं आणि तसंच हातात धरून ठेवलं. इतक्या वेळात अकराच, ते म्हणाले. ती म्हणाली की ते मधेमधे थांबवून विचारत होते. काय विचारत होते, असं वडिलांनी विचारलं, आणि ते विचारताना खुर्ची थोडी पुढे ओढली. तिनं हात धुतले नव्हते, चपलाही काढल्या नव्हत्या. ती तशीच बसली आणि पहिला प्रश्न काय होता ते सांगायला लागली.